पडद्याची उलटी बाजू

रफूवहिनीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कोपरं राहत. डावं कोपर झिजलेला माणूस कचेरीत हातावर गाल टेकून झोपतो. ज्याचे दोन्ही गुडघे झिजलेत तो फरश्या बसवतो, नाहीतर बायकोच्या विनवण्या करतो. ज्याचा उजवा खिसा लोंबतो त्याचा हात चहाच्या वेळी खिशातून बाहेर येत नाही. सगळ्या गल्लीची खाती अशी तिच्या डोक्यात मांडलेली होती. कोण काय बोललं ते एका बाजूला आणि त्याचं कापड काय बोललं ते दुसऱ्या बाजूला. दोन्हीचा मेळ बसला नाही की तिला आतून गुदगुल्या होत, आणि मेळ सहसा बसतच नसे.

या वहीत सगळ्यात जास्त पानं नणंदेच्या नावावर होती. वहिनी तिला रीतीप्रमाणे वन्सं म्हणे. ऐकून ऐकून गिऱ्हाइकंही वन्सं म्हणू लागली आणि शेवटी पोस्टमनही. घर वन्संच्या नावावर होतं. रस्त्याकडची खोली तेवढी वहिनीकडे होती, तीही निव्वळ शब्दावर. वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, वारला तेव्हा चार माणसांत डोळे पुसता पुसता वन्संच्या तोंडून शब्द गेला होता. चार माणसं नसती तर तो गेला असता की नाही, हे वहिनीनं शिल्लक बाकी म्हणून पुढच्या पानावर ओढून ठेवलं होतं.

त्या खोलीत वहिनीचं दुकान होतं. शर्टाच्या कॉलरी उलटवायच्या, कोटाला कसर लागली की रफू करायचं, मोठ्याचं लहान करायचं, जुन्याचं भलतंच काही करायचं. खोलीला रस्त्याच्या बाजूनं एक उंच खिडकी होती. तिच्यातून ऊन कधी येत नसे, नुसता उजेड यायचा, दिवसभर एकसारखा आणि शांत. रफूला असाच उजेड लागतो. दोऱ्याचा रंग कापडाच्या रंगात बुडाला की नाही हे दुसऱ्या कशानंही कळत नाही.

वन्संचं ब्रीद एकच होतं. "आमच्याकडे उतरलेलं कुणी अंगाला लावत नाही." हे त्या जिना उतरताना म्हणत, कारण जिना उतरताना त्यांच्या हातात बहुतेक वेळा घरच्या उतरलेल्या कपड्यांचं बोचकं असे. ते दुकानात टाकून म्हणत, "घ्या वहिनी, पोतेरं करा." वहिनी बरं म्हणे. आजवर त्या बोचक्यांतल्या एका चिंधीचंही पोतेरं झालं नव्हतं.

मात्र त्या कपड्यांपुरता दुकानाचा एक नियम होता. घरच्या कापडानं गल्लीत फिरायचं नाही. पूर्वी एकदा समोरच्या बाईच्या परकराचा टेबलक्लॉथ करून वहिनीनं तो शेजारणीला दिला होता, आणि समोरची बाई नेमकी शेजारणीकडे चहाला गेली. पुढे जे झालं त्यात कप फुटले. तेव्हापासून ओळखीच्या कापडाचं जे काही होईल ते थेट नदीपलीकडच्या जुन्या बाजारात जाई. कापडाला पाय असतात, पण ते नदी ओलांडून परत येत नाहीत, असा वहिनीचा हिशोब होता.

या हिशोबात तिनं वन्संची लेक धरली नव्हती. चिंगीनं नवरा शोधला तो नदीपलीकडचा.

मुलानं आणि मुलीनं एकमेकांना पसंत केलं होतं. आता घरांनी एकमेकांना पसंत करायचं राहिलं होतं. त्यासाठी मुलाची आई रविवारी घर बघायला येणार, असं ठरलं आणि वन्सं रिकाम्या हातांनी जिना उतरून आल्या. बोचकं नाही हे पाहूनच वहिनीनं मशीनचा पाय थांबवला.

"वहिनी, रविवारी विहीणबाई येतायत."

"येऊ देत की. चहाचं मी बघते."

"चहाचं मी बघेन. तुम्ही हे बघा." वन्संनी हात फिरवला, त्यात सगळं दुकान आलं. "ही गाठोडी, ह्या चिंध्या, ह्या लोकांच्या विजारी. त्या बाईंना कापडाची फार पारख आहे म्हणतात. आल्या आल्या कुणाची तरी विजार दिसायला नको."

"मी विजारी भिंतीकडे तोंड करून टांगते, वन्सं."

"थट्टा पुरे. आणि आवरायचं ते कायमचंच आवरा. लग्न झालं की ही खोली दिवाणखान्याला जोडून घेणार आहोत आम्ही. जावई आला तर पाय कुठे पसरेल? तुम्हाला मागची कोळशाची खोली आहेच."

"तिला खिडकी नाही."

"दिवा आहे."

"दिव्याखाली काळं आणि निळं एकच दिसतं, वन्सं."

"मग पांढरं शिवा," म्हणून वन्सं जिना चढून गेल्या.

कोपऱ्यातल्या स्टुलावर भावजी बसले होते. हे वन्संचे यजमान. रोज दुपारी दुकानात येऊन ते त्या स्टुलावर बसत आणि बोलत. वरच्या मजल्यावर त्यांना बोलायची पाळी येत नसे, म्हणून दिवसभराचं साठलेलं इथं आणून मोकळं करत. आता मात्र ते वाकून स्टूल वितीनं मोजू लागले.

"कोळशाच्या खोलीत स्टूल मावेल का हो वहिनी?" त्यांनी विचारलं.

"स्टूल मावेल. तुमचे पाय बाहेर राहतील."

"मामी, तू थट्टा काय करतेस?" चिंगी दारातून आत आली. तिनं सगळं जिन्यावरून ऐकलं होतं. "मी सांगू का आईला? लग्नच नको म्हणते."

"नवरा मिळतो गं, असा उजेड मिळत नाही, हे मी तुला सांगायला नको," वहिनी म्हणाली. "पण दोन्ही राहील असं बघू. तू गप्प बस आणि ती टाचण्यांची डबी लपव."

थट्टा केली, पण त्या दिवशी तिनं काळ्या कोटाला निळ्या दोऱ्यानं रफू केलं आणि ते भर उजेडात तिच्या ध्यानात आलं नाही. कोळशाच्या खोलीत ती सुईत दोरा ओवू शकली असती, एवढंच. तिचं काम दोऱ्याचं नव्हतंच, रंगाचं होतं. ते गेलं की ती फक्त वन्संच्या घरात राहणारी वन्संच्या भावाची बायको उरणार होती.

रविवारी सकाळी दुकान गायब झालं. रस्त्याकडच्या दाराला कुलूप लागलं आणि पाटीवर चादर पडली. दिवाणखान्यातून दुकानात येणाऱ्या दारावर वन्संनी कोरा करकरीत पडदा टांगला, घडीच्या रेघांसकट. वहिनीला पाठ पढवला गेला. "तुम्ही आमच्या वहिनी. शिवण हा तुमचा छंद. आणि बोलू नका."

"छंदाबद्दलही नको?"

"वहिनी!"

विहीणबाई अजून विहीण व्हायच्या होत्या, पण वन्संनी हाक आधीच पक्की करून टाकली होती. त्या आल्या. उंच, ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर. अंगात पोटरीपर्यंत येणारा लांब कोट. विटकरी जमीन, तिच्यावर गडद हिरवी मोठी पानं. कोट असा पडला होता की बाई चालताना कोट तिच्या मागून येत नव्हता, बरोबर येत होता.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. ट्रेमधले कप खणखणले.

तो कोट तिचा होता. म्हणजे, तिनं शिवलेला होता. ती कॉलर तिनं तीनदा उसवून चौथ्यांदा बसवली होती. तिची डावी बाजू अजूनही केसभर रुसलेली होती. आणि तो शिवण्याआधी त्याचं जे कापड होतं ते याच दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीवर वर्षानुवर्षं लोंबत होतं. वन्संचे हिरवे पडदे!

ते पडदे उन्हानं पट्ट्यापट्ट्यांनी खाल्ले तेव्हा वन्संनी एका दुपारी बोचक्यात बांधून खाली आणले होते. "फरशी पुसायला बरे आहेत." बाहेर मात्र सांगितलं, की जपून ठेवलेत, चिंगीला देणार. वहिनीनं पाहिलं तर खराब झाली होती फक्त सुलटी बाजू. असल्या जाड विणीच्या कापडाची गंमत अशी असते, की सुलट्या बाजूला जी जमीन ती उलट्या बाजूला पानं होते आणि पानांची जमीन होते. सुलटीकडून हिरव्यावर विटकरी पानं, उलटीकडून विटकरीवर हिरवी. उलटी बाजू आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून राहिलेली, त्यामुळे रंगानं टवटवीत. वहिनीनं कापड उलटवलं, एका पडद्याचा कोट करून नदीपलीकडच्या बाजारात धाडला आणि दुसरा पडदा ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला.

एक चूक मात्र तिनं जाणूनबुजून केली होती. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या मुडपीत शिशाच्या चकत्या शिवलेल्या असतात. त्या तिनं काढल्या नाहीत, तशाच कोटाच्या घेरात राहू दिल्या. दुसऱ्या कुठल्या शिंप्यानं ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या कुठल्या शिंप्यानं पडद्याचा कोट केलाच नसता. पण त्या चकत्यांमुळेच तो असा झोकात पडत होता.

विहीणबाई बसल्या आणि चकती खुर्चीच्या पायावर आपटली. टक्.

वन्संनी मान खिडकीकडे वळवली. भावजींनीही. वारा आला की ते जुने पडदे भिंतीवर असेच टक् टक् करत, आणि कितीतरी वर्षं या घरात त्यावर एकच वाक्य बोललं जाई.

"चिंगे, खिडकी लाव गं."

"आई, खिडकी लावलेलीच आहे."

वहिनीनं कप पुढे केला आणि नजर वर नेली. नको होती न्यायला. मानाची खुर्ची म्हणून वन्संनी विहीणबाईंना जिथे बसवलं होतं, बरोबर तिच्या वर भिंतीला चिंगीचा लहानपणचा मोठा रंगीत फोटो होता. पुढचे दोन दात पडलेली चिंगी, आणि तिच्या मागे, अख्खी चौकट भरून, हिरवे पडदे. वर फोटोत सुलटी बाजू, खाली खुर्चीत उलटी. पानाला पान जुळत होतं. वहिनीनं ओठ चावला.

"काय देखणा कोट आहे हो तुमचा!" वन्संनी सुरुवात केली. "असं कापड आमच्याकडे बघायलासुद्धा मिळत नाही."

वहिनीला ठसका लागला.

"बहिणीनं पाठवलाय," विहीणबाई म्हणाल्या. "परदेशातून."

"तरीच! बघताक्षणी कळतं. आम्हालाही कोऱ्याशिवाय चालत नाही. उतरलेलं आमच्याकडे कुणी अंगाला लावत नाही."

"आमच्याकडे तर त्याची हवासुद्धा चालत नाही."

दोघींनी एकमेकींकडे पाहून समाधानानं माना डोलावल्या. वहिनीनं दोन्ही वाक्यं दोघींच्या पानांवर नीट मांडून घेतली.

मग विहीणबाईंनी ओठ टिपायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर खिशाची आतली पिशवीही बाहेर आली. निळे पांढरे पट्टे, आणि कडेला शाईचा एक डाग.

भावजींचं बिस्कीट तोंडापाशी थांबलं. अंथरुणात पडून शब्दकोडं सोडवताना तो डाग त्यांनी स्वतः पाडला होता. त्यांची सगळ्यात लाडकी विजार! तिच्या गुडघ्याला भोक पडलं म्हणून वन्संनी त्यांना न विचारता पोतेऱ्यात दिली होती, आणि भावजी पुढे कित्येक दिवस कपाटात तिला शोधत होते.

"अहो, ही तर..."

"भावजी, चहा सांडेल," वहिनी म्हणाली.

भावजींनी तिच्याकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती. काय समजायचं ते समजून त्यांनी बिस्कीट तोंडात कोंबलं. पण नजर काही खिशावरून हलेना. हरवलेला मित्र गर्दीत पलीकडे दिसावा तसे ते बघत होते. विहीणबाईंनी अवघडून खिसा आत ढकलला आणि खुर्चीतल्या खुर्चीत दुसरीकडे तोंड करून बसल्या. टक्.

"असं काय बघताय?" वन्सं दातांतल्या दातांत पुटपुटल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "चला विहीणबाई, तुम्हाला घर दाखवते."

विहीणबाई उठल्या. कोट उठला नाही. मानाच्या खुर्चीची बैठक लाकडी पट्ट्यांची होती. दोन पट्ट्यांच्या फटीत चकती जाऊन बसली होती. चर्र करून घेराचं अस्तर वीतभर फाटलं आणि खाली लोंबू लागलं.

"अगंबाई!" वन्सं मदतीला वाकल्या. लोंबणारं अस्तर त्यांनी उचललं आणि त्याच्या आत, उन्हानं खाल्लेल्या पट्ट्यांसकट, हिरव्या जमिनीवरची विटकरी पानं त्यांच्याकडे बघत होती.

वन्संनी मान वर करून फोटो पाहिला. पुन्हा खाली पाहिलं. पुन्हा वर. मग त्यांचाही रंग पट्ट्यापट्ट्यांनी उडाला.

"राहू दे, राहू दे," विहीणबाईंनी घाईनं कोट आवळून धरला. त्यांचाही आवाज बारीक झाला होता. "घरी गेल्यावर बघते मी. आमचा शिंपी आहे."

शिंप्याचं नाव ऐकताच वन्संच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला.

"तोवर उसवत जाईल," वहिनी पहिल्यांदाच बोलली. "रस्त्यात सगळं अस्तर पायात येईल. माझ्याकडे द्या. चार टाक्यांचं काम आहे."

"तुम्हाला येतं?"

"छंद आहे मला. पण वन्सं, हातशिलाईनं हे धरणार नाही. मशीन लागेल. आणि उजेड." वहिनीनं दिवाणखान्यात चहूकडे पाहिलं, जसं काही उजेड कुणी कुठे ठेवलाय ते तिला आठवत नव्हतं. "आता इथं मशीन कुठून आणायचं?"

वन्संनी तिचा दंड धरला, विहीणबाईंकडे पाहून गोड हसल्या आणि तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"वहिनी, तो माझा पडदा आहे!"

"होता. मग पोतेरं होता. आता कोट आहे."

"तुम्ही विकलात?"

"फरशी पुसायला दिलात, तेव्हा माझ्या फरशीचं झालं ते. तुम्ही तर जपून ठेवलाय ना, चिंगीसाठी? मग हा कुठला दुसराच असेल."

"चावटपणा नको हो आत्ता!" वन्संना रडू यायच्या बेतात होतं. "त्यांना कळलं की त्या आमचं पोतेरं अंगावर घालून आमच्याच घरी आल्यात, तर उभं राहतील का त्या? लग्न मोडेल. माझी पोर..."

त्यांनी डोळे पुसले, आणि इथं बघायला चार माणसंही नव्हती. वहिनीनं त्यांचा हात एकदा दाबला. ही नोंद तिनं वन्संच्या पानावर चांगल्या बाजूला केली. पण हात सोडता सोडता म्हणाली, "म्हणून तर म्हणते, मला शिवू द्या. अस्तर असं बसवते की आपण कधी पडदा होतो हे पडद्यालासुद्धा आठवणार नाही. त्यांचा शिंपी उघडून बघेल, मी बंद करीन. पण दुकानात नेऊनच."

"कोळशाच्या खोलीत नाही का जमणार? दिवा लावू."

"दिव्याखाली विटकरी आणि हिरवं एकच दिसतं."

वन्संनी दारातून दिवाणखान्यात डोकावून पाहिलं.

"आणि वन्सं, एकदा दाखवलेलं दुकान पुन्हा लपवता येत नाही हं. उद्या विहीणबाईंनी विचारलं, छंद कुठे गेला, तर काय सांगाल? कोळशात घातला?"

"कळलं, कळलं," वन्सं म्हणाल्या. "राहू दे तुमची खोली. पण तो कोट शिवा!"

मग वन्संनी स्वतःच्या हातानं तो कोरा करकरीत पडदा बाजूला सारला. "या हं विहीणबाई. ही आमच्या वहिनींची... कार्यशाळा."

विहीणबाईंनी आत येऊन कोट काढला आणि मशीनपाशी ठेवला. उंच खिडकीतून उजेड सगळ्या खोलीभर सांडला होता. खुंट्यांवर जाकिटं, विजारी, अर्धवट झगे. वन्सं लगबगीनं बाहेर गेल्या. त्यांना भिंतीवरून काहीतरी उतरवायचं होतं.

वहिनीनं मशीनवरचं झाकण काढलं आणि तिरक्या नजरेनं पाहुणीकडे लक्ष ठेवलं. कोरं घेणारं माणूस कपडा हातात आला की समोरून बघतं, बटणं बघतं, आरशात बघतं. विहीणबाईंनी खुंटीवरचं एक जाकीट उचललं आणि सवयीच्या हातानं सरळ त्याची बाही वर करून काख पाहिली. मग कॉलरची आतली बाजू. मग कोपर उजेडात धरून झीज.

वहिनीनं डोक्यातली वही मिटून ठेवली. आता मेळ घालण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"काख चांगली आहे त्याची," ती म्हणाली. "आधीचा मालक घामाचा नव्हता."

विहीणबाईंचा हात थांबला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाहेरून खुर्ची ओढल्याचा आणि त्यावर कुणीतरी चढल्याचा आवाज आला.

"माझ्या कोटाची शिलाई कशी वाटते तुम्हाला?" विहीणबाईंनी सावधपणे विचारलं.

"शिवणारी बरी आहे. कॉलर डावीकडे जरा रुसलीय. आणि चकत्या ठेवल्यात, ती चूक."

"चूक कसली! त्या चकत्यांसाठी तर घेतला मी. बाजारात इतके कोट लोंबत होते, पण वाऱ्यावर एकटा हाच उभा होता." बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"परदेशातल्या बाजारात?"

"माझी बहीण नदीच्या पलीकडच्या काठाला राहते," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या नणंदेच्या हिशोबानं परदेशच की." आणि त्यांना हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरला तरी खांदे हलत होते. "अहो, पडद्याचा आहे हे मला घेतानाच कळलं होतं. पडदा कुणाचा ते आज कळलं. त्या दातपडक्या फोटोखाली बसवलं मला! आत आले तेव्हाच पाहिला होता तो."

"मग बोलला नाहीत?"

"मी बोलणार कशी? बहिणीनं पाठवलाय म्हणून बसले होते ना. आणि मुलगी चांगली आहे हो. पडद्यापायी कशाला घालवू?"

वहिनीनं मशीनचा पाय चालवला. विटकरी दोरा विटकरीत बुडाला, दिसेनासा झाला.

"पडदे जोडीनं असतात," विहीणबाई मशीनच्या आवाजाखाली म्हणाल्या. "दुसरा कुठे आहे?"

वहिनीनं पायानं ट्रंक दाखवली. विहीणबाईंनी झाकण उचलून आत पाहिलं, कापडाची उलटी बाजू चिमटीत धरली, आणि चष्म्यावरून वहिनीकडे असं पाहिलं की वहिनीला वाटलं, ही बाई आपल्या घरात आली ती फार उशिरा आली.

दोघी दिवाणखान्यात परत आल्या तेव्हा भिंतीवर फोटोच्या जागी एक स्वच्छ पांढरा चौकोन होता. खाली वन्सं पाठीमागे हात धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीआडून चौकटीचा कोपरा डोकावत होता.

"आई, माझा फोटो कुठे गेला?" चिंगी म्हणाली.

"पुसायला काढलाय!"

"आत्ता?"

"विहीणबाई," पाहुणी मध्येच म्हणाली, "घर मला पसंत आहे. ही आतली खोली तर विशेष. एवढं काम घरात असताना तुम्ही पडद्याआड काय ठेवलंत? मी आता लग्नापर्यंत दर आठवड्याला येणार, माझी सगळी कपाटं घेऊन. आणि तुम्हाला माझा कोट इतका आवडला, बघा, नशीब कसं असतं! तुमच्या वहिनींकडे अगदी जुळणारं कापड निघालं. माझ्याकडून तुम्हाला भेट. लग्नात दोघी विहिणी जोडीनं मिरवू."

वन्संनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी एका बटणाला लागलेला धागा निवांतपणे तोडत होती.

"कोरं... कोरं आहे ना ते?" वन्संनी कशीबशी विचारणा केली.

"ही बाजू अजून कुणी वापरलेली नाही," वहिनी म्हणाली.

हसून छान म्हणण्यापलीकडे वन्संच्या हाती काही उरलं नव्हतं. त्या हसल्या. छान म्हणाल्या. हातातला फोटो निसटून पायावर पडला तरी हसतच राहिल्या.

पाटीवरची चादर संध्याकाळीच उतरली. फोटो भावजींनी दुकानात, स्टुलासमोरच्या भिंतीवर लावला. बोलताना समोर कुणीतरी हवं, म्हणाले. शिवाय विहीणबाई आल्या की त्यांच्या खिशाकडे टक लावून बघू नये, म्हणून वहिनीनं त्यांना विजारीच्या उरलेल्या पायाची एक उशी करून दिली. ती ते स्टुलावर घेऊन बसू लागले.

माप द्यायला वन्संना खालीच यावं लागलं. उजेडात, हात बाजूला पसरून, आपल्याच पडद्यात गुंडाळलेल्या अशा त्या उभ्या राहिल्या. वहिनी गुडघ्यांवर बसून घेर टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या.

"सुरेख पडतोय," वन्संच्या तोंडून निघून गेलं. आरशात त्या स्वतःकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या. मग भानावर येऊन म्हणाल्या, "त्या चकत्या तेवढ्या काढा हं वहिनी. आठवणीनं."

तोंडात टाचण्या असताना बोलता येत नाही. वहिनीनं नुसती मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे वन्संनी विचारायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी सगळे पाहुणे दोन्ही बाजूंना उभे होते. मधल्या वाटेनं दोघी विहिणी जोडीनं आल्या, विटकरी जमीन, हिरवी पानं, पावलाला पाऊल जुळवून. वाट अरुंद होती, घेराला घेर लागत होता आणि मंडप एकदम शांत झाला होता.

टक्. टक्. टक्. टक्.

वन्संनी चालता चालता मान न वळवता नुसते डोळे फिरवून वहिनीला शोधलं. वहिनी खांबाआड गेली होती.

पहिल्या रांगेतून भावजी अर्धवट उठले.

"अगं," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "खिडकी लावू का?"